संगणकाच्या कॅबिनेटमधील वाऱ्याची वाट

मे महिन्यातील दुपार. गिरगावातील एखाद्या चाळीच्या खोलीत अक्षरजुळणीचे काम चालू असते. लग्नपत्रिकेचा मजकूर संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोहोचवायचा असतो आणि नेमका त्याच वेळी संगणक कोणतीही सूचना न देता बंद पडतो. पाच-दहा मिनिटांनी तो चालू होतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा मान टाकतो. घरातील जाणकार व्हायरसचा संशय घेतात. कोणी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला देतो, कोणी रॅम बदलायला सांगतो. दोन-तीन दिवस आणि बरेच पैसे खर्च झाल्यावर कोणीतरी कॅबिनेटचे झाकण उघडते, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली गोधडीसारखा धुळीचा थर बसलेला आढळतो. दोष यंत्रात नसतो, यंत्राला श्वास घ्यायला जागाच उरलेली नसते.

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या भागांत असे प्रसंग नवे नाहीत. समुद्राजवळची खारी व दमट हवा, रस्त्यावरील धूळ, लहान खोल्या आणि भिंतीला चिकटवून ठेवलेली टेबले या साऱ्यांचा भार कॅबिनेटमधील हवेवर पडतो. त्यावर अधिक पंखे बसवणे हा सर्वांना सुचणारा उपाय. मात्र पंख्यांच्या संख्येपेक्षा हवेची वाट महत्त्वाची असते. हवा कोठून आत येणार, कशावरून वाहणार आणि कोठून बाहेर पडणार, याचा विचार न करता लावलेले चार पंखे नीट लावलेल्या दोन पंख्यांपुढे फिके पडतात.

उष्णता येते कोठून?

संगणक जेवढी वीज वापरतो, ती जवळजवळ सर्व अखेर उष्णतेत रूपांतरित होते. पडद्यावर पत्र लिहिले काय किंवा चित्रपट पाहिला काय, वीज मीटरवर नोंदली गेलेली ऊर्जा खोलीतील हवा तापवूनच संपते. ३०० वॅट वीज खाणारा संगणक म्हणजे १०० वॅटचे तीन जुने दिवे एका पेटीत कोंडून ठेवण्यासारखे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातूनही साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे असा संगणक चालू असताना खोलीत तीन पाहुणे अधिक बसले आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेला आणि १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेला संगणक सुमारे २,७०० निर्वात नळ्यांवर चालत असे. प्रत्येक नळीत एक तापलेली तार असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या यंत्राच्या उष्णतेची कल्पना येते. त्यानंतर ट्रान्झिस्टर आणि चिप आल्या व उष्णता कमी झाली. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर पंखा तर नव्हताच, हीट सिंकचीही गरज नव्हती. १९९३ मधील पहिले पेंटियम सुमारे १५ वॅट उष्णता देऊ लागले आणि प्रोसेसरवर पंखा ही नित्याची बाब झाली. २००४ मधील पेंटियम ४ च्या ‘प्रेस्कॉट’ मालिकेने १०० वॅटचा टप्पा ओलांडला.

तेव्हा कॅबिनेटची रचनाच बदलावी असा विचार पुढे आला. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या ‘एटीएक्स’ मांडणीच्या जागी हवेच्या सरळ प्रवाहावर आधारलेली ‘बीटीएक्स’ मांडणी सुचवली. परंतु पुढचे प्रोसेसर कमी वीज खाणारे निघाले आणि २००६ मध्ये इंटेलनेच तिचा नाद सोडला. एटीएक्स मात्र टिकून राहिली. आज साधे कार्यालयीन काम करणारा संगणक १०० वॅटच्या आतच राहतो. दुसऱ्या टोकाला २०२२ मधील कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत जातो आणि त्याच वर्षीच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची मर्यादा ४५० वॅट आहे. पेटी जवळजवळ तीच राहिली आणि आतला विस्तव वाढला, असा हा प्रवास आहे.

शहराने घेतलेला धडा

कोंदट जागेत हवा कशी खेळवावी, हा प्रश्न या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला होता. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला. त्यानंतर १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढून समुद्रावरील वारा आत आणावा, हा ट्रस्टच्या कामामागील एक मुख्य हेतू होता. काळबादेवीलगतच्या दाटीतून काढलेला प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, याच विचारातून आखला गेला. दादर-माटुंगा भागाची आखीव वसाहतही ट्रस्टच्याच योजनेची. प्लेगचे मूळ कोंदट हवेत नसून उंदरांवरील पिसवांत आहे, हे पुढे स्पष्ट झाले. पण वस्तीत वारा खेळायचा असेल तर त्याला सरळ, मोकळा आणि दोन्ही टोकांना उघडा मार्ग हवा, हे तत्त्व खोटे ठरले नाही.

चाळीत राहिलेल्या प्रत्येकाला हे अनुभवाने ठाऊक असते. गॅलरीकडील दार उघडे ठेवले आणि समोरच्या भिंतीतील खिडकी बंद असली, तर वारा उंबरठ्यावरच थबकतो. खिडकी उघडली की तोच वारा खोलीतून सरळ वाहू लागतो. कॅबिनेट ही अशीच एक खोली आहे. पुढील जाळी हे तिचे दार आणि मागील पंखा ही तिची खिडकी.

किती हवा लागते?

याचा हिशेब अवघड नाही. समुद्रसपाटीवरील एक घनमीटर हवा एक अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे १.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. कॅबिनेटमध्ये ३०० वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि बाहेर पडणारी हवा खोलीच्या तापमानापेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर मिनिटाला सुमारे दीड घनमीटर, म्हणजे साधारण ५३ घनफूट हवा पेटीतून वाहिली पाहिजे. १०० वॅटच्या संगणकाला त्याच्या एक-तृतीयांश हवा पुरते.

मे महिन्यात मुंबईच्या खोलीत ३३ अंश तापमान असेल, तर या हिशेबाने पेटीतून निघणारी हवा ४३ अंशांवर असेल. धुळीमुळे प्रवाह निम्मा झाला तर हीच वाढ २० अंशांवर जाते आणि पेटीतील हवा ५३ अंशांच्या घरात पोहोचते. प्रोसेसरवरील पंख्याला याच हवेने प्रोसेसर थंड करायचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सारे अनर्थ उलगडतात.

१२० मिलिमीटरच्या पंख्यांच्या खोक्यावर बहुधा मिनिटाला ४० ते ७० घनफूट असा आकडा छापलेला असतो. तो आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा असतो. जाळी, गाळणी, वायरींचा गुंता आणि हीट सिंकच्या पट्ट्या वाटेत आल्या की प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो. म्हणून खोक्यावरील आकड्यांची बेरीज करून समाधान मानू नये. तसेच कोणताही पंखा पेटीतील हवा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीतील हवा आत आणतो आणि आतली बाहेर टाकतो. पाण्याच्या नळ्या असलेली ‘लिक्विड कूलिंग’ यंत्रणाही उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. अखेर रेडिएटरमधून ती खोलीच्या हवेतच सोडली जाते.

वाट कशी आखावी?

एटीएक्स कॅबिनेटमध्ये हवेने पुढून खालच्या बाजूने आत यावे आणि मागून वरच्या बाजूने बाहेर पडावे, ही रूढ व योग्य रचना आहे. पुढे १२० मिलिमीटरचे एक किंवा दोन पंखे आत हवा घेणारे आणि मागे तेवढाच एक पंखा हवा बाहेर टाकणारा, एवढ्यावर बहुतेक घरगुती संगणकांचे काम भागते. उभ्या हीट सिंकवरील पंखाही त्याच दिशेने, म्हणजे मागील पंख्याकडे हवा ढकलणारा असावा. तो उलटा बसला तर दोन प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि गरम हवा आतच घोटाळत राहते.

पंखा कोणत्या बाजूला हवा फेकतो, हे ओळखणे सोपे आहे. चौकटीवर बहुधा बाण कोरलेले असतात. नसतील तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

वरच्या झाकणावर पंखा लावायचा असेल तर तो मागील भागात, प्रोसेसरच्या वर लावावा आणि बाहेर हवा फेकणारा असावा. तोच पंखा वर पण पुढील भागात लावला, तर पुढून आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो ती बाहेर ओढून घेतो. एसएमपीएस खालच्या बाजूला असणाऱ्या कॅबिनेटमध्ये त्याचा पंखा बहुधा तळातून हवा घेतो. अशी पेटी सतरंजीवर किंवा गादीवर ठेवली तर त्याचे तोंडच बंद होते.

मागील बाजूस कार्डांसाठी असलेल्या रिकाम्या फटींवरील पत्र्याच्या पट्ट्या अनेकदा हरवलेल्या असतात. त्या फटींतून मागील पंख्याला जवळचीच हवा मिळते आणि तो पुढून हवा ओढण्याचे कष्ट घेत नाही. वाहते पाणी सोपी वाट धरते, तशीच हवाही. म्हणून अशा फटी बंद कराव्यात. आतील वायरी मदरबोर्डच्या पाठीमागून नेऊन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधाव्यात. जुन्या संगणकातील हार्ड डिस्कच्या रुंद सपाट केबली तर पडद्यासारख्या हवा अडवत. त्या जागी आलेल्या बारीक साटा केबलींनी हा त्रास पुष्कळ कमी केला.

पंखा निवडताना शक्यतो मोठा घ्यावा. ८० मिलिमीटरचा पंखा जेवढी हवा भरधाव फिरून ढकलतो, तेवढीच १२० मिलिमीटरचा पंखा संथ फिरून ढकलतो आणि आवाजही कमी करतो. वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज निम्म्याहून कितीतरी खाली येतो. चार पिनांचे पंखे मदरबोर्डला जोडून बायोसमध्ये तापमानानुसार वेग ठरवून दिला, तर रात्री लहान खोलीत इतरांची झोपमोड होत नाही.

झाकण उघडे ठेवावे काय?

तापलेल्या कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावणे, हा अनेक घरांत रुळलेला उपाय आहे. त्याने प्रोसेसरचे तापमान काही वेळा खरोखर उतरते. पण पुढून मागे जाणारा प्रवाह मोडतो आणि पुढील बाजूस बसवलेल्या हार्ड डिस्कवरून वाहणारी हवा थांबते. शिवाय धूळ दुपटीने साचते. जुन्या इमारतींत पाली, झुरळे आणि उंदीर यांचा वावर असतोच. ऊब शोधत आत शिरलेली पाल मदरबोर्डवर किंवा एसएमपीएसमध्ये अडकून शॉर्टसर्किट झाल्याचे दुरुस्ती करणारे नेहमी पाहतात. म्हणून उघडे झाकण हा उपाय मानू नये.

मात्र निदानासाठी त्याचा चांगला उपयोग होतो. संगणकावर जड काम चालू असताना प्रोसेसरचे तापमान लिहून घ्यावे आणि मग झाकण काढून दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर दोष कॅबिनेटमधील हवेच्या वाटेत आहे. एक-दोन अंशांचाच फरक पडला तर हीट सिंक, त्यावरील पंखा किंवा थर्मल पेस्ट यांकडे पाहावे.

मुंबईची हवा

परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवली जात असे आणि मुंबईचे दमट हवामान या धंद्याला मानवलेही. संगणकाची गोष्ट नेमकी उलटी आहे. पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि समुद्रावरून येणारे क्षारांचे सूक्ष्म कण धुळीबरोबर आत बसतात. मीठ ओलावा धरून ठेवते. त्यामुळे जोडांवर हिरवट गंज चढतो आणि रॅमच्या पट्टीचे संपर्क बिघडतात.

चालू संगणक मात्र स्वतःला कोरडा ठेवतो. ३० अंश तापमानाची व ८० टक्के आर्द्रतेची हवा कॅबिनेटमध्ये ४० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास येते. धोका असतो तो आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या संगणकाला. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये वापर नसला तरी दर दोन-तीन दिवसांनी तासभर तो चालू ठेवणे हिताचे.

वातानुकूलित खोलीत वेगळी काळजी लागते. वरील हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश आहे. एसीमुळे २२ अंशांपर्यंत थंड झालेल्या बंद संगणकावर खिडकी उघडताच दमट हवा आली, तर थंड पत्र्यावर व बोर्डावर दव जमू शकते. थंडगार दुकानातून किंवा कार्यालयातून घरी आणलेला संगणकही लगेच सुरू करू नये. दोन-तीन तास तसाच ठेवून तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. विदर्भात उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर मुंबईत लावण्यात अर्थ नाही. येथील दमट हवेत पाणी फारसे वाफारत नाही, त्यामुळे गारवा थोडा आणि ओलावा फार, अशी गत होते.

धुळीचीही स्थानिक रूपे आहेत. स्वयंपाक आणि संगणक एकाच खोलीत असलेल्या घरांत फोडणीतील तेलाची वाफ हीट सिंकवर बसते. त्या चिकट थरावर धूळ धरली की ती फुंकरीने जात नाही. लालबागच्या मिरची गल्लीसारख्या मसाल्याच्या बाजारालगत मिरचीची भुकटी हवेत असते. अगरबत्ती व धुपाची राख आणि दिवाळीपूर्वी भिंती घासताना उडणारी चुन्याची पूड यांचीही त्यात भर पडते. जुन्या इमारती पाडून नवे मनोरे उभारले जात असलेल्या गल्ल्यांत सिमेंटची धूळ बारा महिने असते.

या धुळीवर उपाय म्हणून आत हवा घेणाऱ्या पंख्यांचा जोर बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक ठेवावा आणि पुढील पंख्यांसमोर बारीक जाळीची गाळणी बसवावी. पेटीत दाब थोडा जास्त राहिला की फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. परिणामी जी हवा आत येते ती गाळणीतूनच येते. उलट रचनेत, म्हणजे बाहेर टाकणारे पंखे जास्त असतील तर प्रत्येक फटीतून आणि सीडीच्या खाचेतूनसुद्धा धूळ ओढली जाते. गाळणीमुळे प्रवाह थोडा कमी होतो, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी धुऊन व पूर्ण वाळवून बसवावी. न धुतलेली गाळणी बंद दरवाजासारखीच असते.

पेटी ठेवावी कोठे?

बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबाचा संसार मांडताना संगणकाच्या वाट्याला कोपराच येतो. तरीही काही पथ्ये पाळता येतात. कॅबिनेटची मागील बाजू भिंतीपासून किमान सहा इंच दूर ठेवावी. टेबलाच्या बंद कप्प्यात ती ठेवायची असेल तर कप्प्याची मागील फळी काढून टाकावी, अन्यथा बाहेर पडलेली गरम हवा फिरून पुढील जाळीतून पुन्हा आत येते. जमिनीपासून चार-सहा इंच उंच पाट किंवा स्टँड असला तर केर काढताना उडणारी धूळ कमी शिरते आणि पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी आले तर थोडा अवधी मिळतो. फ्रीजच्या पाठीमागची किंवा शेगडीजवळची जागा टाळावी. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन पेटीवर पडत असेल तर पडदा लावावा. संगणक चालू असताना त्यावर प्लॅस्टिकचे आवरण किंवा विणलेला रुमाल ठेवू नये.

संगणक बंद खोलीत तासन्‌तास चालत असेल तर खोलीतील हवाच तापत जाते आणि कॅबिनेटमधील कोणतीही व्यवस्था तोकडी पडते. अशा वेळी दार-खिडकी उघडून खोलीतून वारा वाहू देणे, हा पंखा विकत घेण्याआधीचा उपाय आहे.

सफाई कशी करावी?

संगणक बंद करून वीजेची वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आतील उरलेली वीज जाऊ द्यावी. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. पेटी गॅलरीत नेऊन नाकातोंडाला रुमाल बांधावा. रंगकामाच्या नव्या मऊ ब्रशने धूळ मोकळी करावी आणि ब्लोअरने ती उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते भन्नाट फिरले तर बेअरिंग बिघडते. घरातील व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाला टेकवू नये, कारण तिच्यात स्थिर विद्युत तयार होते.

प्रोसेसरच्या हीट सिंकवरील पंखा काढून पट्ट्यांमधील थर काढणे, हे सर्वांत फलदायी काम होय. थर्मल पेस्ट वाळून कडक झाली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवावी. हीट सिंक काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून घेतला, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग वीज काढून हीट सिंक हलकेच पिळून सोडवावा. एकदम वर खेचला तर काही प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्याबरोबरच उपटून येतात व पिना वाकतात. एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. त्याची धूळ जाळीतून बाहेरूनच उडवावी.

तापमान किती असावे?

बायोसमध्ये तसेच एचडब्ल्यूमॉनिटर, कोअर टेम्प यांसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान पाहता येते. लिनक्सवर ‘एलएम-सेन्सर्स’ हे साधन आहे. मुंबईच्या उन्हाळ्यात रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचे तापमान ४० ते ५५ अंश आणि पूर्ण भारावर ७० ते ८५ अंश असले तर चिंता करू नये. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर पोहोचले की स्वतःच वेग कमी करतात आणि त्याने भागले नाही तर संगणक बंद होतो. पंख्याची व्यवस्था बदलल्यावर तुलना करताना खोलीचे तापमानही नोंदवावे. जानेवारीत मोजलेल्या ६५ अंशांशी मे महिन्यातील ७३ अंशांची तुलना केली तर निष्कर्ष फसतो. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर आहे, हा फरकच खरा मापदंड.

हवेची वाट डोळ्यांनी पाहायची असेल तर अगरबत्ती पुरते. पेटलेली अगरबत्ती बाहेरूनच पुढील जाळीसमोर क्षणभर धरावी. धूर आत ओढला गेला पाहिजे. मागे धरली तर तो दूर फेकला गेला पाहिजे. जेथे धूर नुसता रेंगाळतो, तेथे वाट अडली आहे. राख आत जाणार नाही आणि ठिणगी कशाला लागणार नाही, याची काळजी घ्यावी.

उष्णतेने नेमके काय बिघडते, याविषयी अतिशयोक्तीही टाळावी. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तापमान आणि डिस्क बिघडणे यांचा संबंध समजला जातो तेवढा घट्ट नाही, असे दिसले. मदरबोर्ड व एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे मात्र तसे नाही. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून कॅबिनेट थंड ठेवावे आणि तरीही महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच.

खरेदीपूर्वी

लॉर्ड लॅमिंग्टन या १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नरच्या नावाने ओळखला जाणारा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तेथे जाण्यापूर्वी घरी माप घ्यावे. स्क्रूच्या दोन छिद्रांमधील अंतर ७१.५ मिलिमीटर असेल तर पंखा ८० मिलिमीटरचा आणि १०५ मिलिमीटर असेल तर १२० मिलिमीटरचा लागतो. मदरबोर्डवर रिकामी जोडणी तीन पिनांची आहे की चार, हेही पाहून ठेवावे. नवे कॅबिनेट घेताना रंगीत दिव्यांपेक्षा पुढील बाजूस जाळी आहे की अखंड काच, याकडे लक्ष द्यावे. पुढे काच असलेल्या देखण्या पेटीत पंखे कितीही असले तरी त्यांना हवा बाजूच्या चिंचोळ्या फटींतूनच ओढावी लागते. साध्या जाळीच्या पेटीत दोन पंखे बहुधा अधिक काम करतात.

पुष्कळ घरांत मात्र खरेदीची वेळच येत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा, गणपती विसर्जनानंतर एकदा आणि दिवाळीची साफसफाई आटोपल्यावर एकदा, अशी वर्षातून तीनदा पेटी उघडून झाडली, मागील फटी बंद केल्या आणि टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, तर मे महिन्यातील दुपारीही काम मध्येच थांबत नाही. त्यासाठी एक ब्रश, एक स्क्रूड्रायव्हर आणि तासाभराची सवड एवढेच लागते.